मुरगळल्याविण

डस्टर माझ्या हातात होतं. अकरावीत असताना, शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सातआठ जण 'शांतता! कोर्ट चालू आहे' मोठ्यानं वाचत होतो आणि न्यायाधीश काशीकर माझ्या वाट्याला आला होता. हातोडा नव्हता, म्हणून बाईंनी टेबलावरचं डस्टर दिलं. पहिल्यांदा आपटलं तेव्हा खडूची भुकटी उडाली, सगळे हसले. मग मी ते आपटतच राहिलो.

तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ सालचं. प्रयोगासाठी एका गावी आलेली हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात. आरोपी लीला बेणारे, पेशानं शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा, तोही गंमत म्हणून. हळूहळू गंमत खरी होत जाते आणि बडबड्या बेणारेच्या तोंडचे शब्दच संपतात. काही पानं बाईंनी वगळली होती, आमचं वय पाहून. तरी उरलेली पुरेशी होती. बेणारे वाचणाऱ्या मुलीला पानंच्या पानं वाचायला काही नव्हतं. ती नुसतं ओळींवरून बोट फिरवत होती आणि आम्ही मुलं एकमेकांवर आवाज चढवत होतो. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद मिळतात, बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि तिचं लांबलचक स्वगत सुरू होतं. आमच्या वर्गातल्या बेणारेनं चार ओळी वाचल्या आणि ती थांबली.

बाईंनी तिला 'पुढे वाच' म्हटलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मजा आली ना रे?" आवाजात राग नव्हता. मला खरंच मजा आली होती.

पुढच्या शनिवारी त्या कापडी पिशवीतून 'अभिरुची'चे जुने अंक घेऊन आल्या. पानं इतकी जीर्ण की उलटायला त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. हे मासिक १९४३ साली आपल्या बडोद्यातून निघालं, पुरुषोत्तम चित्र्यांनी काढलं, मर्ढेकरांची नवी कविता त्यात छापून आली, कवी दिलीप चित्रे हे त्यांचेच चिरंजीव आणि जन्मले इथेच, हे सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती बोलणाऱ्या आम्हा मुलांची समजूत अशी, की मराठी साहित्य म्हणजे पुण्या-मुंबईहून येणारी वस्तू. ती त्या दुपारी मोडली.

मग बाईंनी फळ्यावर मर्ढेकरांच्या दोनच ओळी लिहिल्या : 'पिपात मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण.' मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारलं, "माना कुणी मुरगळल्या?"

"कुणीच नाही."

"मग पडल्या कशा?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. मला डस्टर आठवत होतं.

पुढे विद्यापीठात गेल्यावर तेंडुलकर आणि मर्ढेकर दोघेही पुन्हा पुन्हा वाचले, ते याच प्रश्नापायी. मर्ढेकरांच्या कवितेत महायुद्ध आहे, गिरण्यांचं शहर आहे, मुंग्यांसारखी माणसं आहेत, आणि मरण असं येतं की मारणाऱ्याचा हात सापडत नाही. बेणारेलाही कोणी बोट लावत नाही. सगळे फक्त नियमानं बोलतात. तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'त हात उघड दिसतात, म्हणून इतकं क्रूर असूनही ते नाटक मला त्या मानानं सरळ वाटतं. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) मात्र तेंडुलकरांनी त्या न दिसणाऱ्या हाताला रूपच दिलं : ब्राह्मणांची रांग. ती डोलते, गाते, पाठ फिरवते, आणि तिच्याआड काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. मारणारा ठाऊक असला तरी भिंत त्याला झाकायला उभी असते.

फरकही मोठा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. मर्ढेकर पिपातल्या उंदरांच्या बाजूला उभे असतात. ते ओवी-अभंगाचा जुना छंद हाती घेतात आणि त्यातून खरोखर प्रार्थना करतात. 'भंगू दे काठिन्य माझे' म्हणणाऱ्या माणसाला अजून कुणीतरी ऐकेल अशी आशा आहे. तेंडुलकर 'घाशीराम'मध्ये कीर्तनाचा तोच ठेवा वापरतात, पण तिथे हरिनाम हाच पडदा होतो. आणि प्रेक्षकाला ते उंदरांत बसवत नाहीत, भिंतीत उभा करतात. मी तिथे अकराव्या इयत्तेतच उभा राहून आलो होतो, म्हणून मला हे नाटककाराचं कसब वाटण्याआधी खरं वाटलं.

'शांतता!'च्या शेवटी सामंत, तो साधा खेडवळ माणूस, पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट निपचित पडलेल्या बेणारेजवळ हळूच ठेवून जातो. आम्ही त्या पानापर्यंत पोचलोच नव्हतो. वाचन चार ओळींवर थांबलं, सगळ्यांनी दप्तरं उचलली आणि आम्ही जिना उतरलो. ती मुलगी मागे राहिली होती, पुस्तक अजून उघडंच. पुढचं वर्षभर आम्ही एकाच वर्गात होतो. मी तिच्याशी त्याबद्दल कधी बोललो नाही.

ज्या महोत्सवासाठी मी हे लिहितोय त्याला ती येणार असेल, तर मला तिच्याशेजारी बसायचं आहे. नाटकाची प्रत मी बरोबर आणणार आहे. तिची तयारी असेल तर पाचव्या ओळीपासून पुढे ती वाचेल. मी ऐकेन.