न बोलावलेल्या गोगलगायी

माशांच्या टाकीत रोपं लावून तीन आठवडे झाले होते. रात्री दिवा बंद करायला गेलो तर समोरच्या काचेवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका. पुसायला बोट लावलं, पण तो आतून होता आणि हळूच सरकत होता. भिंगातून पाहिलं तर गोगलगाईचं पिल्लू! कौतुकाने घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. महिन्याभरात त्याच एका काचेवर 41 मोजल्या, तेव्हा कौतुक संपलं.

त्या आल्या होत्या रोपांबरोबर. पानाच्या मागच्या बाजूला जेलीचा पारदर्शक थेंब असतो आणि त्यात अंडी असतात. रोप नळाखाली धुतलं तरी तो निघत नाही. माझ्याकडे दोन जाती होत्या. एक चपट्या गुंडाळीची, तिला रॅम्सहॉर्न म्हणतात. दुसरी टोकदार, पातळ शंखाची, ब्लॅडर स्नेल. ती ओळखायची खूण सोपी आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की ब्लॅडरचं तोंड डावीकडे येतं, बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे. या दोन्ही जाती उभयलिंगी आहेत, आणि ब्लॅडर तर एकटी असली तरी स्वतःच फलित होऊन अंडी घालते. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मी आजवर माणसांनाच लावत आलो होतो.

मग युद्ध सुरू झालं. रात्री काकडीची चकती तळाशी सोडायची आणि सकाळी ती लगडलेली असतानाच उचलायची. पहिल्या दिवशी साठेक निघाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढ्याच. कंटाळून मी गोगलगायी मारायचं औषध आणलं. त्यात तांब्याचा क्षार होता. बाटलीवर ‘टाकीत कोळंबी असल्यास वापरू नये’ असं छापलेलं. माझ्याकडे कोळंबी नव्हती, त्यामुळे त्या ओळीवर विचार करायची गरज वाटली नाही.

औषधाने काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी काच स्वच्छ. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि झाकण उघडताच वास आला. अमोनियाची चाचणी केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. गोगलगायी काचेवर होत्या त्याहून कितीतरी जास्त रेतीत होत्या, हे तेव्हा कळलं. मलेशियन ट्रम्पेट नावाची तिसरी जात दिवसभर रेतीत गाडून घेऊन राहते, अंडी न घालता थेट पिल्लंच देते, आणि रात्री टॉर्च मारल्याशिवाय सहसा दिसत नाही. त्या सगळ्या खालीच मेल्या आणि तिथेच कुजल्या. रोज अर्धं पाणी बदलूनही 4 निऑन टेट्रा मासे गेले. रेतीत बोट घातलं की रिकामे शंख हाताला लागायचे. ते उपसायला मला दोन रविवार लागले.

नंतर काही आठवडे फिल्टरमध्ये कार्बन ठेवला आणि पाणी बदलत राहिलो. तेवढ्यात एका नव्या रोपाबरोबर रॅम्सहॉर्न परत आल्या. या वेळी मी हात आवरला. एक कारण अगदी स्वार्थी होतं. त्या जगल्या, वाढल्या, तर पाण्यातलं तांबं गेलं असं समजायला हरकत नव्हती.

या वेळी मारण्याऐवजी वही घेतली. रोज रात्री नऊ वाजता समोरच्या काचेवरच्या गोगलगायी मोजायच्या आणि त्या दिवशी माशांना किती चिमट्या खाणं घातलं ते शेजारी लिहायचं. तीन आठवड्यांनी वही मलाच वाचून दाखवायला लागली. मी दिवसातून दोनदा खाणं घालत होतो आणि त्यातला बराच भाग मासे खायच्या आधी रोपांत अडकत होता. म्हणजे गोगलगायी मीच पोसत होतो. खाणं एक वेळेवर आणलं, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास ठेवला. आकडे असे गेले: 38, 40 (इथे धीर सुटत आला होता), 31, 24, 15. एकही गोगलगाय मी उचलली नाही.

पानांना भोकं पडायची तो आरोपही त्यांच्यावरच होता. भोकाच्या कडेला गोगलगाय बसलेली दिसली की आणखी पुरावा कशाला हवा? पण ती भोकं फक्त जुन्या पानांवर होती, टाचणीने टोचल्यासारखी, कडा पिवळी. हे पोटॅशियम कमी पडल्याचं लक्षण. खत वाढवलं आणि नवी पानं अखंड आली. रॅम्सहॉर्न धडधाकट पानाच्या वाटेला सहसा जात नाही. कुजायला लागलेला भाग खरवडून खाते.

मग मी पहिल्यांदा मुद्दाम गोगलगायी आणल्या, पट्टेवाल्या नेराइट तीन. काचेवरचे हिरवे, कडक शेवाळाचे ठिपके पुसून निघत नाहीत, ते त्यांनी फस्त केले. लाकडावर मात्र तिळासारखी पांढरी अंडी चिकटवून ठेवली. ती गोड्या पाण्यात पुढे वाढत नाहीत, कारण पिल्लांना मचूळ पाणी लागतं. त्यामुळे संख्या वाढायची भीती नाही, पण ते तीळ सुरीने खरवडत बसावं लागतं.

दोन महिन्यांनी नेराइटच्या शंखाची टोकं पांढुरकी, खरबरीत दिसायला लागली. रोपांसाठी मी कार्बन डायऑक्साइड सोडत होतो. त्याने पीएच 6.4 पर्यंत उतरायचा, आणि केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, जेमतेम 1. शंख म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आम्लधर्मी, मऊ पाण्यात तो विरघळतो, आणि सगळ्यांत जुना भाग आधी. फिल्टरच्या पेटीत समुद्रफेसाचा तुकडा ठेवला, गॅस थोडा कमी केला. केएच हळूहळू 4 पर्यंत आला. एकदम वाढवायचा मोह झाला होता, पण माशांना अशी उडी सोसत नाही.

झिजलेला भाग काही भरून आला नाही. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेने. सर्वांत मोठ्या नेराइटच्या शंखावर आता एक स्पष्ट रेघ आहे. रेघेच्या वर खड्डे पडलेले, खाली चार मिलिमीटरची काळी चकचकीत पट्टी. समुद्रफेस केव्हा टाकला ते वहीत बघायचीही गरज नाही.

आज नऊ वाजता मोजल्या. काचेवर 11, आणि एक नेराइट पाण्याबाहेर, झाकणाच्या आतल्या बाजूला. तिला खाली सोडली तेव्हा उताणी पडली. उताणी पडलेल्या नेराइटला उलटायला जमेलच असं नाही, म्हणून बाही वर करून पुन्हा हात घातला.