गोकस्टाड १:५० – सुकाणू बसले

गोकस्टाड या व्हायकिंग जहाजाची १:५० मापाची छोटी प्रतिकृती मी बनवतो आहे; तिच्या फळ्यांचे काम संपले. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा, एकीची कड दुसरीवर चढवलेल्या. या वेळची नोंद मात्र सुकाणूची, कारण या जहाजाचा सगळ्यात देखणा भाग मला तोच वाटतो.

नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेले हे ओकचे जहाज नवव्या शतकाच्या अखेरचे. त्याचे सुकाणू मागे मधोमध नाही. रुंद पात्याचे एक मोठे वल्हे उजव्या कुशीला, लाकडी ठोकळ्यावर टेकलेले असते. वल्हे, ठोकळा आणि जहाजाची कूस यांतून आरपार भोक असते. त्यात लवचिक फांदी ओवून ती आतून आवळायची. वरच्या आडव्या दांड्याने वल्हे जागच्या जागी वळते. १८९३ साली माग्नुस आंदेर्सन याने या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बेर्गेनहून अटलांटिकपार अमेरिकेत नेली, तेव्हा त्याने या सुकाणूची तोंडभरून स्तुती केली होती.

इंग्रजी आरमारातला 'स्टारबोर्ड', म्हणजे जहाजाची उजवी बाजू, हा शब्द इथूनच आला. ताऱ्यांशी त्याचे काही नाते नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओर' म्हणजे सुकाणू आणि 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजू. ओटार या नॉर्वेजियन दर्यावर्दीने इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडला आपली उत्तरेकडची सफर सांगितली, ती लिहून ठेवलेली आहे. तीन दिवस ओसाड किनारा 'स्टेओरबोर्ड'ला, खुला समुद्र 'बॅकबोर्ड'ला. दांडा धरलेल्या सुकाण्याची पाठ डावीकडे, म्हणून ते 'बॅक'. जर्मन 'बाकबोर्ड' आणि फ्रेंच 'बाबोर' अजून तेच सांगतात.

इंग्रजीने मात्र 'बॅकबोर्ड' हा शब्द सोडला. धक्क्याला उजवी बाजू लावली तर सुकाणू चिरडणार, म्हणून माल डावीकडून चढायचा. डाव्या बाजूचा पुढचा शब्द 'लारबोर्ड' बहुधा या लादण्यावरूनच आला. पण वाऱ्यात ओरडून दिलेल्या हुकुमात 'स्टारबोर्ड' आणि 'लारबोर्ड' यांत फरक कसा कळणार? अखेर १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून डावीकडे 'पोर्ट' हाच शब्द ठरवला, दोन वर्षांनी अमेरिकन आरमारानेही. इतका धोकादायक सारखेपणा शतकानुशतके चालू राहिला, याचे मला नवल वाटते.

माझ्या प्रतिकृतीत सुकाणू ओवण्यासाठी मी फांदीऐवजी मेण लावलेला सुती दोरा वापरला. तो छान बसला, दांडा मोकळा फिरतो. पुढे ढाली: प्रत्येक बाजूला बत्तीस, एक काळी, एक पिवळी. पिवळ्या रंगाची छटा कोणी जुळवली असेल तर कळवा.