प्रकरणं अखेर जागेवर बसली

मंडळी, बोलक्या पुस्तकात प्रकरणांच्या खुणा चुकीच्या जागी पडत होत्या, मागच्या वेळी न सुटलेली ती गाठ सुटली. ३१ प्रकरणांच्या त्या चरित्राची एम४बी (आत प्रकरणांच्या खुणा ठेवता येतात अशी बोलक्या पुस्तकाची) फाईल आता फोनवर उघडते, यादीत तेविसाव्या प्रकरणावर दोनदा टॅप केलं की वाचक ‘प्रकरण तेविसावं’ असं म्हणतच सुरू होतो. आधीच्या फाईलमध्ये हेच प्रकरण दोनेक मिनिटं उलटून गेल्यावर, वाक्याच्या मध्येच कुठेतरी उघडायचं. नेमकं काय होत होतं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अशाच जुन्या एमपी३ फायली पडून आहेत आणि एम४बी करायला घेतलं की त्यांनाही हाच त्रास होणार.

प्रकरणांच्या खुणांसाठी मी एवढी का हटून बसले, तर टॉकबॅकमुळे, म्हणजे अँड्रॉइड फोनचा पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे. प्लेअरच्या सरकपट्टीवर फोकस नेऊन वर-खाली स्वाइप केलं की ती साधारण ५ टक्क्यांनी सरकते. नऊ तासांच्या सलग फाईलचे ५ टक्के म्हणजे २७ मिनिटं. डोळस माणूस पट्टीवर बोट फिरवत हवी ती जागा शोधू शकतो. आपण एका स्वाइपमध्ये थेट २७ मिनिटं पलीकडे जाऊन पडतो आणि मग तीस सेकंद मागे, तीस सेकंद मागे असं बटण दाबत बसतो. खूण बरोबर असेल तरच पुस्तकात मनासारखं हिंडता येतं.

पद्धत आपली नेहमीचीच होती. एफएफप्रोब या फाईलची माहिती सांगणाऱ्या साधनाने प्रत्येक एमपी३ची लांबी काढायची, लांब्यांची बेरीज करत प्रत्येक प्रकरणाची सुरुवात मिलिसेकंदांत लिहायची, त्याची एफएफमेटाडेटा फाईल (प्रकरणांची नावं आणि जागा लिहिलेली मजकूर फाईल) बनवायची, मग एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने सगळ्या फायली जोडून एएसी या आवाजाच्या स्वरूपात एन्कोड करताना ती मेटाडेटा आत घालायची. आधीच्या दोन पुस्तकांना हे बिनतक्रार चाललं होतं. या पुस्तकात मात्र दुसरं प्रकरण पाचसहा सेकंद उशिरा उघडलं, नववं जवळजवळ अर्धा-पाऊण मिनिट, आणि शेवटचं तब्बल तीन मिनिटं. चूक एकसारखी वाढत जात होती, तीही एकाच दिशेने.

पहिला संशय प्लेअरवर. दुसरा प्लेअर घालून पाहिला, मग मैत्रिणीच्या आयफोनवर व्हॉइसओव्हर (तिथला स्क्रीन रीडर) लावून ऐकलं. प्रकरण सगळीकडे त्याच शब्दावर उघडत होतं. म्हणजे प्लेअर बिचारे सांगितलेल्या जागीच जात होते, खूणच चुकीची पडली होती.

दुसरा संशय एमपी३च्या सुरुवातीला जी रिकामी जागा राहते तिच्यावर. लेम या एमपी३ एन्कोडरने बनवलेल्या फाईलमध्ये एन्कोडरचे ५७६ आणि डिकोडरचे ५२९ मिळून ११०५ नमुने (आवाजाची एकेक मोजमापं) सुरुवातीला जादा येतात. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाला, ते होतात सुमारे २५ मिलिसेकंद. ३१ फायलींचे सगळे मिळून पाऊण सेकंदाच्या आसपास. तीन मिनिटांचा हिशोब त्यातून लागणं शक्यच नव्हतं.

वाट सापडली ती आपल्यातल्या एका ताईंच्या प्रश्नामुळे. त्यांनी विचारलं, “सगळ्या लांब्यांची बेरीज आणि तयार फाईलची लांबी जुळते का गं?” जुळत नव्हती. बेरीज तीन मिनिटांनी जास्त होती, शेवटचं प्रकरण जेवढं चुकत होतं जवळजवळ तेवढीच. मग एफएफप्रोब जे काही बोलतं ते सगळं मजकूर फाईलमध्ये वळवलं आणि नोटपॅड++मध्ये ओळीओळीने वाचलं. कमांडच्या काळ्या खिडकीत धडाधड सरकणाऱ्या ओळी एनव्हीडीएने (संगणकावरच्या स्क्रीन रीडरने) कितीही भराभर वाचल्या तरी त्यातून अर्थ लावणं कठीण, म्हणून ही सवय सगळ्यांनीच लावून घ्या. प्रत्येक फाईलच्या लांबीआधी एक सूचना होती: लांबी बिटरेटवरून (सेकंदाला किती बिट यावरून) अंदाजाने काढली आहे, ती अचूक नसू शकते.

इथे सगळा उलगडा झाला. या फायली व्हीबीआर, बदलत्या बिटरेटच्या आहेत, म्हणजे शांततेला कमी बिट आणि बोलण्याला जास्त. अशा फाईलच्या डोक्यावर झिंग हेडर असतं, त्यात एकूण फ्रेम (आवाजाचे छोटे तुकडे) किती ते लिहिलेलं असतं आणि त्यावरून लांबी लगेच कळते. या फायली कुणीतरी कधीतरी कापून नीटनेटक्या केल्या असणार, त्यात ते हेडर गळालं. हेडर नाही म्हटल्यावर एफएफप्रोब सुरुवातीच्या काही फ्रेम तपासतं, त्यांचा बिटरेट धरतं आणि फाईलच्या आकाराला त्याने भागतं. आता आपलं कुठलंही बोलकं पुस्तक आठवा. वाचक तोंड उघडायच्या आधी एकदोन सेकंद शांतता असतेच. शांततेचा बिटरेट कमी, त्यामुळे भागाकार मोठा, त्यामुळे फाईल आहे त्यापेक्षा लांब वाटते. प्रत्येक फाईलची सुरुवात शांततेनेच होत असल्यामुळे प्रत्येक अंदाज वरच्या बाजूलाच चुकला. एक कमी, एक जास्त असं होऊन चुका एकमेकींना खाऊन टाकतील, तर तसं नाही, त्या साठतच गेल्या. आधीची दोन पुस्तकं सीबीआर, म्हणजे एकसारख्या बिटरेटची होती म्हणून हे कधी डोकं वर काढत नव्हतं.

उपाय ऐकायला सोपा आहे, वेळ मात्र खातो. अंदाजावर काही सोडायचं नाही. प्रत्येक एमपी३ आधी पूर्ण डिकोड करून मोनो ४४.१च्या फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज दाबून ठेवणाऱ्या फाईलमध्ये) काढायची. फ्लॅकच्या हेडरमध्ये एकूण नमुने किती ते लिहिलेलं असतं, तो आकडा मोजलेला असतो. मग बेरीज त्या नमुन्यांची. इथे एक गोष्ट सापडली आणि मी अक्षरशः टाळी वाजवली: एफएफमेटाडेटामध्ये टाइमबेस (वेळ मोजायचं एकक) १/१००० च ठेवला पाहिजे असं नाही, १/४४१०० लिहिता येतो. मग सेकंद नको, मिलिसेकंद नको, प्रकरणाची सुरुवात म्हणजे सरळ नमुन्याचा क्रमांक. बेरीज आणि तयार फाईल आता जुळतात. मधे वाव (आवाज न दाबता ठेवणारी फाईल) का वापरली नाही असं कुणी विचारेल. मोनोमध्ये नऊ तासांची वाव २.८ जीबीच्या पुढे जाते. स्टिरिओ असती तर वावची ४ जीबीची मर्यादाच ओलांडली असती. फ्लॅकला ती भीती नाही.

फ्लॅकच्या पायरीवरच आवाजाची पातळीही सारखी करून घेतली. या पुस्तकात बाराव्या प्रकरणापासून वाचक बदलतात आणि बाई आधीच्या गृहस्थांपेक्षा बऱ्याच बारीक आवाजात बोलतात. एफएफएमपेगचा पातळी सारखी करणारा लाउडनॉर्म प्रत्येक प्रकरणावर वेगळा चालवला, लक्ष्य उणे १८ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप). तो न सांगता उणे २४ धरतो, फोनच्या स्पीकरवर ते फारच बारीक ऐकू येतं. आणि एका पासमध्ये, म्हणजे एकाच फेरीत चालवलात तर तो आउटपुट १९२ किलोहर्ट्झवर नेतो, म्हणून त्याच्या पुढे ४४१०० स्पष्ट लिहाच. नाहीतर फ्लॅक अवाढव्य होते आणि नमुन्यांचा सगळा हिशोबही बिघडतो.

बिटरेट किती ठेवायचा या आपल्यातल्या वादात माझं मत पक्कं झालंय: एएसी, मोनो, सेकंदाला ६४ किलोबिट. तासाला २९ एमबीच्या आत, म्हणजे हे अख्खं पुस्तक २६० एमबीच्या आसपास. ३२ला जागा निम्मी लागते हे खरं, पण आपण ऐकतो पावणेदोन-दोनपट वेगाने, आणि त्या वेगात ३२चे स आणि श एकमेकांत मिसळतात. कान थकतात. ओपस (आवाजाचं आणखी एक स्वरूप) ३२लाही सुंदर ऐकू येतो, पण ओपसमधल्या प्रकरणांच्या खुणा दाखवणारा आणि वर टॉकबॅकशी नीट बोलणारा प्लेअर मला अजून मिळालेला नाही. सध्या मी व्हॉइस नावाचा प्लेअर वापरते. मुक्त सॉफ्टवेअर आहे, जाहिराती नाहीत आणि माझ्या कामाची सगळी बटणं नावानिशी वाचली जातात. ज्या प्लेअरमध्ये प्रत्येक बटणावर टॉकबॅक नुसतं ‘बटण, बटण’ म्हणतो, त्याची बाकी कितीही कीर्ती असली तरी मी तो ठेवत नाही.

आता प्रकरणांच्या नावांबद्दल, कारण यात मराठीवाल्यांना खास काळजी घ्यावी लागते. मूळ टॅग जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते, त्यामुळे स्क्रीन रीडरला तिथे फक्त इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसत होता. कन्व्हर्टरच्या नादी लागले नाही, प्रत्येक प्रकरणाची सुरुवात ऐकून नावं नव्याने टाइप केली. दोन नावं मात्र यादीत शेवटी अर्धवट तुटलेली यायची. एम४बीमध्ये प्रकरणं लिहायची एक पद्धत आहे नीरो, त्या पद्धतीच्या प्रकरणयादीत नावाची लांबी एका बाइटमध्ये लिहितात, म्हणजे नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजायचे. म्हणजे हातात राहतात फक्त ८५ चिन्हं. जुन्या चरित्रांतली लांबलचक प्रकरणशीर्षकं त्यात बसत नाहीत, ती हाताने आखूड करावी लागतात. नावात अर्धविराम किंवा बरोबरचं चिन्ह आलं तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्या. आणि मेटाडेटा फाईल यूटीएफ-८मध्ये पण बीओएमशिवाय (फाईलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय) जतन करा, नाहीतर एफएफएमपेग ती ओळखतच नाही.

नावाच्या सुरुवातीचा ‘प्रकरण’ हा शब्द मी काढून टाकला. यादीतून भराभर स्वाइप करताना प्रत्येक ओळीवर आधी ‘प्रकरण’ ऐकावं लागतं आणि कामाचा शब्द येईपर्यंत बोट पुढे गेलेलं असतं. आता आधी आकडा, मग नाव. गूगलच्या मराठी आवाजात ही यादी ऐकायला फार छान वाटते. फोनचा आवाज इंग्रजीच ठेवला असेल तर देवनागरी नावं तो गिळून टाकू शकतो, तेव्हा आधी आवाजाची भाषा तपासा.

पुढच्या पुस्तकाची योजना मात्र हे लिहिता लिहिताच बदलली. ते पुस्तक डेझी २.०२ या, दृष्टिहीनांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपात आहे. माझा विचार होता की पानांचे क्रमांकही प्रकरणं म्हणून घालावेत, म्हणजे कुणी ‘पान १४२’ म्हटलं की तिथे जाता येईल. पण त्याच नीरो यादीत प्रकरणंही २५५च मावतात आणि पुस्तक चारशे पानांचं आहे. शिवाय एम४बीमध्ये सगळी यादी एकाच पातळीवर, डेझीसारखे शीर्षकांचे सहा स्तर तिथे नाहीत. म्हणून ठरवलं: अभ्यासाची, संदर्भाची पुस्तकं डेझीच ठेवायची आणि ईझीरीडर या ॲपमध्ये ऐकायची. सलग ऐकायची पुस्तकंच एम४बी करायची.

एम४बी करतानाही मूळ पुस्तक डेझी असेल तर मोठा फायदा आहे. एनसीसी फाईलमध्ये सगळी शीर्षकं असतात, प्रत्येक शीर्षक एका एसएमआयएल फाईलकडे बोट दाखवतं आणि तिथे तो आवाज कोणत्या एमपी३मध्ये कितव्या सेकंदाला सुरू होतो ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेलं असतं. म्हणजे एक छोटी पायथन स्क्रिप्ट एनसीसी वाचून मेटाडेटा फाईल आपोआप बनवू शकेल. नावं टाइप करणंही वाचलं. फक्त एमपी३च्या पूर्ण लांब्या इथेही फ्लॅक करूनच मोजायच्या, त्यात सूट नाही.

कॅसेटवरून उतरवलेल्या पुस्तकांचं काय, हा प्रश्न राहतो. तिथे ४५ मिनिटांची एक बाजू म्हणजे एक फाईल, प्रकरणाचा पत्ता नाही. आत्ता सुचतंय ते असं: एफएफएमपेगचा सायलेन्सडिटेक्ट लावून दोन सेकंदांपेक्षा मोठ्या शांतता शोधायच्या आणि तेवढ्याच जागा ऐकून प्रकरण कुठलं ते ठरवायचं. टेपच्या फुसफुशीमुळे उणे ३५ डेसिबलच्या खालचं काही सापडेल असं वाटत नाही, उणे ३०पासून सुरुवात करून बघते.

फाईल द्या म्हणून काही डोळस मित्रांनी विचारलं, त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आपल्याला रूपांतराची आणि आपसात देवाणघेवाणीची जी मुभा मिळाली आहे ती अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आहे, आणि ती जपणं आपल्याच हातात आहे.

स्क्रिप्ट तपासायला मला वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या डेझी २.०२ पुस्तकांच्या एनसीसी आणि एसएमआयएल फायली हव्या आहेत. आवाजाच्या फायली पाठवू नका, नुसत्या त्या मजकूर फायली झिप करून द्या. ज्यांच्याकडे भाग, प्रकरण आणि उपप्रकरण असे तीन स्तर असलेलं मराठी पुस्तक आहे त्यांची झिप आधी हवी, कारण तीन स्तर एका सपाट यादीत कसे लिहायचे ते मला अजून ठरवायचं आहे.