चटईच्या कडेला बसणारे पापा

फेब्रुवारी लागला की लेकीच्या शाळेच्या हॉलमधून गुंडाळलेल्या चटईवर काठ्या बडवल्याचा आवाज यायला लागायचा. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांकडच्या, म्हणजे सामोअन मुलांच्या ‘सासा’ नाचाला तोच ताल. ओळीने मांडी घालून बसलेली मुलं त्या तालावर वल्हवायची, मासे धरायची, नारळाचा चव पिळायची, सगळं हातांनीच. न्यूझीलंडमधल्या दक्षिण ऑकलंडमध्ये हे दिवस पॉलीफेस्टच्या, म्हणजे शाळांच्या नाचगाण्यांच्या उत्सवाच्या तालमींचे. १९७६ साली ओटारा इथे चार शाळांनी मिळून हा उत्सव सुरू केला. आता दर मार्चमध्ये मानुकाऊच्या मैदानावर माओरी, सामोआ, टोंगा, नीउए, कुक बेटं अशा प्रत्येकाचा वेगळा मंच उभा राहतो आणि शाळाशाळांची पथकं तिथे उतरतात. पण मला त्याहून प्रिय होती ती त्याआधीची शाळेतली संध्याकाळ. घरच्यांसाठी शेवटची तालीम, पूर्ण पोशाखात. आम्ही कितीही लवकर गेलो तरी पापा आधीच आलेले असायचे आणि खुर्च्या लावत असायचे.

पापा म्हणजे आमच्या लेकीच्या मैत्रिणीचे आजोबा. त्यांचं घर आमच्या समोरच. नाती त्यांना पापा म्हणायच्या, म्हणून आम्हीही. त्यांच्या कुळात ते मताई होते, म्हणजे घराण्याची पदवी धारण केलेले, आणि मताईंमध्येही तुलाफाले, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलणारे. समारंभात बोलायला उभे राहिले की हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी आणि आवाज असा की माईक नकोच. तोच माणूस अर्ध्या तासापूर्वी हॉल झाडत होता. एकदा मी म्हटलं, “पापा, तुम्ही बसा ना, मुलं लावतील खुर्च्या.” तर हसून म्हणाले, “ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ.” त्यांच्याकडची जुनी म्हण आहे ही. अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते. आणि मग पुढची रांग लावायला गेले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एकोणीस वर्षांचे असताना ते सामोआच्या सवाई बेटावरून इथे आले. न्यूझीलंडला तेव्हा कारखान्यांत माणसं हवी होती. पापांनी मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी केली, पगारातला वाटा गावी पाठवला, इथे लग्न केलं, पाच मुलं वाढवली. मग तेलाचे भाव भडकले, नोकऱ्या आटल्या, आणि ज्यांना बोलावून घेतलं होतं तेच लोक नकोसे झाले. १९७४ ते १९७६ या काळात पोलीस पहाटे पॅसिफिक लोकांच्या दारावर धडका मारत, झोपलेल्यांना उठवून देशात राहण्याच्या परवान्याचे कागद मागत. पापांचे कागद ठीक होते. त्यांच्याकडे राहायला आलेल्या चुलतभावाचे नव्हते. त्याला नेलं तेव्हा पापांची थोरली मुलगी चार महिन्यांची होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी विसळता विसळता, आणि विषय बदलला. १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने या छाप्यांबद्दल माफी मागितली. सामोअन रीतीप्रमाणे त्या मंचावर बसल्या, त्यांच्यावर तलम विणीची चटई पांघरली गेली आणि मग ती उचलून घेतली गेली. माफी मागण्याच्या त्या विधीला इफोंगा म्हणतात; चटई उचलली म्हणजे माफी स्वीकारली. आम्ही त्यांच्याच घरी टीव्हीसमोर होतो. चटई उचलली तेव्हा पापांनी नुसती मान हलवली आणि उठून अंगणात गेले. त्यांची बायको म्हणाली, “जाऊ दे, भावाशी बोलत असतील.” तो भाऊ कधीच वारला होता.

माझी आई रत्नागिरीहून आली होती त्या वर्षीची गंमत वेगळीच. समोरच्या अंगणात उमू लागला होता. तापलेल्या दगडांवर जेवण ठेवून वरून पानांनी झाकलेलं. त्यातून पालुसामी निघाली, म्हणजे नारळाचं दाट दूध आणि कांदा भरलेल्या अळूच्या पानांच्या पुरचुंड्या. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर आपलंच अळू! पण चिंच नाही, मग खाजत कसं नाही?” मी विचारलं. पापा म्हणाले, चांगलं शिजेपर्यंत थांबायचं, घाई केली की खाजतं. एवढ्या बोलण्यावर दोघांची मैत्री जमली. दुसऱ्या दिवशी आईने अळूचं फदफदं करून पाठवलं. भांडं परत आलं ते तारोच्या, म्हणजे अळूच्याच कंदांनी भरून. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीला पापा दरवर्षी यायचे. हॉल भाड्याचा, खाली सतरंज्या. दाराशी चपला काढून ते कडेला मांडी घालून बसायचे. बसलेल्यांच्या पुढून जायची वेळ आली की कमरेत वाकून, हात खाली धरून ‘तुलोउ, तुलोउ’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत जायचे. आपल्याकडेही मोठ्यांच्या पुढून असंच अंग चोरून जायला शिकवायचे. आता कोण शिकवतं? आमची मुलं मात्र ते पापांकडून शिकली.

२०२० साली पॉलीफेस्ट अगदी तोंडावर आला असताना कोविडमुळे रद्द झाला. शिवलेले पोशाख, ओवलेल्या माळा, सगळं पेटाऱ्यात गेलं. लेक दोन दिवस जेवली नाही. जूनमध्ये निर्बंध उठले तशी पापांनी घरोघर चक्कर मारली आणि एका शनिवारी शाळेचा हॉल मिळवला. इथला हिवाळा तो, थंडी मरणाची. तरी मुलं उघड्या खांद्यांनी नाचली.

कार्यक्रमाचा शेवट ताउआलुंगाने होतो. डोक्यावर उंच मुकुट घातलेली एकच मुलगी मधोमध, अगदी संथ, बोटांच्या टोकांपर्यंत सावरलेली. आणि तिच्या आजूबाजूला मोठी माणसं उड्या मारतात, आरोळ्या ठोकतात, जमिनीवर लोळण घेतात. याला आइउली म्हणतात. आपण वेडंवाकडं व्हायचं, म्हणजे तिचा डौल उठून दिसतो. त्या दिवशी थोरली नात नाचत होती आणि गुडघे दुखणारे, सत्तरीकडे झुकलेले पापा तिच्या पायांशी धाडकन आडवे झाले. हॉलभर हशा पिकला. नात मात्र हलली नाही. तिची नजर स्थिर होती आणि डोळे भरलेले.

२०२२च्या हिवाळ्यात पापा गेले. कित्येक दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. कुळाकुळांतून चटया येत होत्या, उलगडून दाखवल्या जात होत्या, रात्री प्रार्थना आणि गाणी. आमच्या मंडळाच्या बायका वरणभात आणि बटाट्याची भाजी घेऊन गेलो. निघताना त्यांच्या मुलाने गाडीत टिनच्या डब्यांचं खोकं ठेवलं. नको म्हटलं तर म्हणाला, “पापा रागावतील.”

पुढच्या मार्चमध्ये धाकटी नात ताउआलुंगा नाचणार होती. आमची लेक आता कॉलेजात, तरी त्या संध्याकाळी आमच्याआधी तासभर निघून गेली. आम्ही पोचलो तेव्हा ती खुर्च्या लावत होती. नाच सुरू झाला. धाकटीने हात उचलले, आणि तिच्या डाव्या बाजूची जागा काही क्षण तशीच राहिली. मग मागच्या रांगेतून माझी लेक उठली, कमरेत वाकून ‘तुलोउ, तुलोउ’ म्हणत सगळ्यांच्या पुढून गेली, आणि मोठ्याने आरोळी ठोकून तिच्या पायांशी जमिनीवर आडवी झाली.