बाईंचं पेन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि डोळ्यांसमोर पहिल्यांदा आला तो इंग्रजीच्या बाईंचा तळहात. इमारत, मैदान, मधली सुट्टी यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मी बाईंवरच लिहिणार.

आठवीत असताना ऐन चाचणीत माझ्या पेनातली शाई संपली. तासाला इंग्रजीतच बोलायचं, हा बाईंचा नियम. मी उभा राहून ऐटीत विचारलं, ‘‘मे आय लेंड युवर पेन?’’ बाई म्हणाल्या, ‘‘माझं पेन? आणि ते तू कुणाला उसनं देणार?’’ वर्ग खो खो हसला, माझे कान तापले. बाई मात्र हसल्या नाहीत. बाकापाशी आल्या आणि तळहातावर पेन ठेवून हात पुढे केला. ‘‘मी देतेय, हे लेंड. तू घेतोयस, ते बॉरो. आपल्याकडे ‘उसनं’ एकच, पुढे देणं नाहीतर घेणं जोडायचं. इंग्रजीत ते क्रियापदाच्या पोटातच असतं.’’ यात गेलेली पाच मिनिटं त्यांनी शेवटी आम्हाला भरून दिली.

सारख्या अर्थाच्या क्रियापदांच्या याद्या बाईंनी कधी पाठ करून घेतल्या नाहीत. कुणी ‘ही सेड मी’ लिहिलं, की चूक मराठीतून कशी आली ते आधी दाखवायच्या. आपलं ‘मला म्हणाला’ही चालतं आणि ‘मला सांगितलं’ही, तिकडे ‘टेल’ला लगेच माणूस लागतो, ‘से’ला मध्ये ‘टू’ घालावा लागतो. आपण दार बंद करतो तसाच पंखाही बंद करतो, म्हणून ‘क्लोज द फॅन’.

राइझ (आपणहून वर जाणं) आणि रेझ (वर नेणं) यांचा तास तर अजून जसाच्या तसा आठवतो. फळ्यावर एका बाजूला पडणे-पाडणे, बसणे-बसवणे. दुसऱ्या बाजूला फॉल-फेल, सिट-सेट. ‘‘झाड आपणहून पडलं तर फॉल, कुणी पाडलं तर फेल.’’ मागच्या बाकावरून शंका आली, ‘‘बाई, फेल तर फॉलचा भूतकाळ ना?’’ ‘‘तोही आहे. लाय म्हणजे आडवं होणं, त्याचा भूतकाळही ले, आणि अंडी घालणंही ले. करा आता काय करायचं ते!’’ पुढे कळलं, की या जोड्यांमधलं दुसरं क्रियापद खरोखरच जुन्या प्रयोजक, म्हणजे ‘करायला लावणे’ दाखवणाऱ्या, रूपातून आलेलं आहे. बाईंना हे ठाऊक होतं की नुसता कान तयार होता, ते विचारायचं राहून गेलं.

आज मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीतून इंग्रजीत नेतो. वीस वर्षं झाली. ‘दाब वाढतो’ म्हणजे राइझ, तिथे यंत्राकडे लक्ष ठेवायचं. ‘दाब वाढवा’ म्हणजे रेझ, तिथे हाताने चक्र फिरवायचं. अदलाबदल झाली तर चालवणारा हातावर हात ठेवून बसेल. संगणकाला विचारलं तर तो इन्क्रीज, रेझ, राइझ, लिफ्ट अशी सगळी एका ओळीत मांडून मोकळा होतो. हल्लीची मुलंही म्हणे पर्यायावर खूण करतात आणि पुढच्या प्रश्नाला जातात. कोण देतंय नि कोण घेतंय, हे त्यांना कुणी हात पुढे करून दाखवतं का?

स्मरणिका समितीने बाईंचा फोटो मागितला होता. तो माझ्याकडे नाही. आठवीची वही आहे. त्यातलं लाल शाईने ‘सेड’ खोडून वर ‘टोल्ड’ लिहिलेलं पान पाठवतो आहे. चालत असेल तर तेच छापा.