जीपचं स्लो काही केल्या बसेना

आमची जुनी पेट्रोल जीप. चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, वर सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. गरम झाल्यावर स्लो (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग) मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास हवं, पण ही स्वारगेटच्या सिग्नलला हजाराच्या वर बोंबलत, थरथरत उभी राहायची. स्लो कमी केलं की दोनदा मिस मारून बंद. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: "कार्ब्युरेटरचं किट टाका, साहेब."

किट आणायच्या आधी प्लग, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग बघून घेतलं. चोक पूर्ण उघडत होता, केबलही अडकत नव्हती. मग मिक्स्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) हलक्या हाताने पूर्ण आत घेतला. इंजिन बंद पडायला हवं, तर आवाजात फरकसुद्धा नाही! म्हणजे बटरफ्लाय (हवेची वाट उघडझाप करणारी पात) इतका उघडा ठेवलेला की पेट्रोल स्लोच्या भोकातून येतच नव्हतं, वरच्या भोकांतून ओढलं जात होतं. कुठूनतरी हवा घेतंय म्हणून कुणीतरी स्टॉप स्क्रू (बटरफ्लाय किती मिटेल ते ठरवणारा) पिळून वेळ मारून नेली होती.

इंजिनची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला पाऱ्याचे १८ ते २१ इंच दाखवायला हवं. पुणे ५६० मीटरवर, त्यामुळे दोनेक इंच कमी धरायचे. इथे काटा तेरावर, अगदी स्थिर, म्हणजे कुठूनतरी हवा घेतंयच. वायपरही याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून त्याची नळी बंद करून पाहिली, फरक नाही. या इंजिनचा इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारा मार्ग) हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे गळतीच्या जागा मोजक्याच. अग्निशामक जवळ ठेवून, एग्झॉस्टवर थेंब जाऊ न देता, कार्ब क्लीनरचे छोटे फवारे मारले. खालच्या पॅकिंगला काही नाही. थ्रॉटल शाफ्टच्या, म्हणजे बटरफ्लाय ज्यावर फिरतो त्या दांडीच्या, टोकाला मारताच आवाज बदलला. हवा इथूनच!

इंजिन बंद करून शाफ्टचा लिव्हर चिमटीत धरून हलवला. डोळ्यांना दिसेल इतका प्ले (ढिलेपणा). शाफ्ट घासलेला, बॉडीतलं भोक लांबट झालेलं. किटमध्ये पॅकिंग, नीडल, डायफ्राम येतात. हे भोक काही त्याने बुजत नाही. लेथवाल्याकडून ते रीम करून (गोल, मापात कापून) पितळी बुश (नळीसारखं अस्तर) बसवून घेतले, शाफ्ट नवा. बटरफ्लायचे स्क्रू मात्र पात मध्यावर बसल्याशिवाय घट्ट करू नका, नाहीतर ते बोअरला घासतं.

आता स्लो सहाशेवर, काटा अठरावर, आणि मिक्स्चर स्क्रू आत घेतला की इंजिन मुकाट बंद पडतं. चढावर रेस दिली की वायपर अजून मंदावतो, पण व्हॅक्यूमवरचा वायपर तसाच चालायचा.