तुम्ही विचारलंत म्हणून: एका चित्रावरून सगळे विषय कसे काय शिकवतेस?

चित्रकलेच्या इतिहासातून मुलांना विज्ञान-भूगोल-गणित शिकवतेस म्हणजे घरी नक्की करतेस काय, आणि सुरुवात कुठून करायची, हे मला खूप जणी विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितेय.

चित्र कोणी काढलं इथून सुरुवात करू नका, कशाचं केलंय इथून करा. नाव, साल, शैली सांगितली की मुलं पाठ करतात आणि विषय तिथेच संपतो, पण हा रंग आणला कुठून असं विचारलं की ती कामालाच लागतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस चाललं ते अजिंठा. पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीचा, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचा, मोठा प्रिंट समोर ठेवला आणि रंग मोजायला सांगितले. तांबडा, पिवळा, हिरवा हे मातीचे-दगडाचे, पांढरा चुन्यासारख्या पदार्थांचा, काळा काजळीचा. मग गेरू आणला, तोच आपण कुंड्यांना लावतो तो. एका कवेलूच्या तुकड्यावर नुसत्या पाण्यात कालवून लावला, दुसऱ्यावर डिंकाच्या पाण्यात. वाळल्यावर बोट फिरवलं तर पहिला सगळा बोटाला आला, दुसरा तसाच. "म्हणजे रंग वेगळा आणि चिकटवणारं वेगळं!" हे मुलगी स्वतःच म्हणाली. अजिंठ्याला दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर असा चिकट पदार्थ घालून रंग, हे मग समजवावंच लागलं नाही. गेरूचा रंग लोखंडामुळे, गंजाशी त्याचं नातं आहे, हे कळल्यावर तर बाल्कनीतल्या गंजलेल्या गजाकडेही वेगळ्या नजरेने बघणं सुरू झालं.

नंतरच्या काळातल्या चित्रांमधला निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधला दगड. ॲटलास काढला, पट्टीने अंतर मोजलं, खालच्या स्केलने गुणून किलोमीटर काढले, आणि मग ती सरळ रेघ हिंदुकुशवरून जाते हे दिसलं. मग उंट कुठून जाणार, नद्या कुठे ओलांडणार, आणि एवढ्या लांबून आणलेल्या रंगाला पैसे कोण देणार? इथून पोचलो त्या काळातल्या वाकाटक घराण्याकडे: राजा हरिषेण आणि सोळाव्या लेणीत ज्याचा शिलालेख आहे तो त्याचा मंत्री वराहदेव. राजांची यादी आधी दिली असती तर ही नावं कोणाच्याच डोक्यात राहिली नसती, असं मला मनापासून वाटतं.

काळाचं प्रमाण मुलांना कळत नाही, तिथेही हेच कामाला आलं. अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेणी इसवीसनाच्या आधीच्या, नंतरच्या पाचव्या शतकातल्या, मधली गॅप जवळपास पाचशे वर्षांची. म्हणजे आजपासून मागे पार १५२६ च्या पानिपतापर्यंत. आणि ज्या खडकात हे कोरलं त्या बेसॉल्टचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोरीवर गाठी मारायला घेतलं तर दोरीच पुरेना, आणि ती न पुरणं हाच खरा धडा होता.

मुलाला सगळ्यात आवडलं ते जॉन स्मिथचं प्रकरण. २८ एप्रिल १८१९, पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालेलं, मद्रास आर्मीचा हा अधिकारी निजामाच्या मुलखात शिकारीला आला, त्याला लेणी दिसल्या आणि दहाव्या लेणीत चित्रावरच त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. ते नाव आज मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही बरंच वर आहे. का? मी उत्तर दिलं नाही. स्टुलावर चढला असेल, फार उंच असेल असं करत करत शेवटी तो म्हणाला, "आई, खाली माती साचली असेल का गं?" हो, लेणी दगडमातीने भरलेली होती आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. पुरावा बघून अंदाज बांधायचा हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

गणिताचं विचारता, तर चित्रावर चौकोन आखून ते मोठ्या कागदावर उतरवायला द्या. बाजू दुप्पट केली की कागद चौपट लागतो, हे फॉर्म्युल्याआधी हाताला कळतं. पण सगळं गणित यातून येत नाही, आणणारही नाही मी. पाढे पाठच करून घेते, भागाकाराची उदाहरणं वहीतच.

आणि अजिंठाच हवं असं काही नाही. देवघरातल्या भिंतीवर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर ती घ्या. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्यावर ती दगडी छपाई चालायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. वाटीत तेल-पाणी घेऊन तिथून सुरू करा, रंगांचा क्रम मुलांना ठरवू द्या, आणि मुंबईत १८९४ ला निघालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला का हलवला असेल ते त्यांनाच शोधायला सांगा.